ब्रिस्टलनोज प्लेको: खाणं, अंडी आणि पिल्लं यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरच्या टँकमध्ये ब्रिस्टलनोज, म्हणजे काचेला चिकटणारा छोटा सकर मासा, पाळणाऱ्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे क्रमाने घेतले आहेत. अंडी मिळवणं हा यातला सोपा भाग आहे. अडतं ते बहुतेक वेळा पिल्लं गुहेबाहेर, म्हणजे विणीसाठी टँकमध्ये ठेवलेल्या नळीबाहेर, आल्यावर. म्हणून घाईत असाल तर १२ आणि १३ आधी वाचा.

१. दुकानदार 'सकर' म्हणून दोन वेगळे मासे दाखवतो. यातला ब्रिस्टलनोज कोणता?

लहानपणी दोन्ही काळपट-तपकिरी, ठिपकेदार आणि काचेला चिकटलेले दिसतात, म्हणून गफलत होते. पाठीवरचा पर बघा. साधा सकर, म्हणजे टेरिगोप्लिक्थिस, याचा पर शिडासारखा उंच असतो आणि त्यात साधारण दहा किंवा जास्त काड्या असतात. ब्रिस्टलनोजचा, म्हणजे अँसिस्ट्रसचा, पर आखूड असतो आणि पहिला काटा सोडला तर त्यात सातच्या आसपास काड्या असतात. डोकं रुंद आणि चपटं असतं, अंग एकूण बुटकं. मासा काचेला चिकटला की मोबाइलवर फोटो काढा आणि मोठा करून काड्या मोजा.

हा फरक महत्त्वाचा आहे. साधा सकर फूटभर आणि त्याहूनही मोठा होतो, दोन-तीन फुटी टँकमध्ये त्याची जागा नाही, आणि काचेच्या टँकमध्ये तो अंडीही घालत नाही. ब्रिस्टलनोज १० ते १३ सेंमीवर थांबतो.

२. नर-मादी कसे ओळखायचे?

मासा ५-६ सेंमीचा झाला की ओळखता येतो, साधारण सहा ते आठ महिन्यांचा. नराच्या नाकाडावर मांसल फुटवे येतात. ते ओठाच्या कडेने तर असतातच, शिवाय कपाळाच्या मध्यावर चढत जातात आणि मोठ्या नरात त्यांना फाटे फुटतात. मादीला एकतर काहीच नसतं किंवा फक्त तोंडाच्या कडेला आखूड एकेरी ओळ असते. वरून पाहिलं तर मादी पोटाशी रुंद दिसते.

दुकानात ३ सेंमीची पिल्लं दाखवून "ही जोडी आहे" असं कोणी सांगितलं तर ऐकून घ्या आणि सहा पिल्लं घ्या. सहामध्ये दोन्ही मिळण्याची शक्यता चांगली असते.

३. टँक किती मोठा हवा?

एका जोडीला दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि सव्वा फूट उंच, म्हणजे सुमारे ७० लिटर, हे कमीत कमी. तीन फुटी, १३० लिटरच्या टँकमध्ये एक नर आणि दोन माद्या आरामात राहतात. दोन नर ठेवायचे तर तीन फुटांच्या खाली नको, आणि गुहा एकमेकींपासून लांब, तोंडं विरुद्ध दिशेला. नाहीतर गुहेवरून मारामारी होते आणि गालावरच्या काट्यांनी एकमेकांचे पर फाटतात.

या माशांची विष्ठा आकाराच्या मानाने बरीच असते. फिल्टर टँकच्या मापापेक्षा एक साइझ मोठा घ्या.

४. नळाचं, बोअरचं, टँकरचं पाणी चालतं का?

नळाच्या पाण्यातलं क्लोरीन काढावंच लागतं. अँटी-क्लोरीनचे थेंब घाला किंवा बादलीत एअर स्टोन सोडून २४ तास ठेवा. पीएच ६.५ ते ७.५ असला की पुरे. त्यासाठी रसायनं टाकत बसू नका, स्थिर ७.६ हा रोज वरखाली होणाऱ्या ६.८ पेक्षा बरा. तापमान २३ ते २७ अंश.

बोअरच्या आणि टँकरच्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेले क्षार, पीपीएममध्ये) मोजा. १५० ते ३५० मध्ये सगळ्यात कमी कटकट. ७००-८०० मध्ये मोठे मासे जगतात, पण अंड्यांच्या बाबतीत भरवसा देता येत नाही. तिथे निम्मं आरओचं पाणी मिसळा. आरओच्या नळीतून वाया जाणारं पाणी मात्र वापरू नका, त्यात क्षार उलट वाढलेले असतात.

एप्रिल-मेमध्ये गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी चटका बसेल इतकं तापतं. पाणी बदलायचं तर ते पहाटे भरून ठेवा.

५. हा मासा शेवाळ खातो ना? मग वेगळं खाणं कशाला?

कारण टँकमधलं शेवाळ त्याला आठवडाभरही पुरत नाही. काचेवरचा तपकिरी थर आणि मऊ हिरवं शेवाळ तो खरवडतो. काळं केसाळ शेवाळ आणि काचेवरचे कडक हिरवे ठिपके त्याला जमत नाहीत. दुसऱ्या माशांची विष्ठा तो खातो हा तर निव्वळ गैरसमज आहे. नुसत्या शेवाळावर ठेवलेल्या माशाचं पोट आत जातं, डोळे खोल दिसू लागतात, आणि मादी अंडी धरत नाही.

मोठ्या माशाला रोज रात्री दिवे बंद केल्यावर एक अल्गी वेफर (शेवाळाची, तळाला बसणारी तयार चकती) आणि आठवड्यातून तीन-चार दिवस भाजी द्या. वेफरच्या पाकिटावर पहिला घटक स्पायरुलिना (एक प्रकारचं शेवाळ) किंवा वनस्पती असावा. पुष्कळ स्वस्त वेफरमध्ये पहिलं नाव फिशमीलचं असतं. जोडी तयार करताना आठवड्यातून एक-दोनदा गोठवलेले ब्लडवर्म किंवा कोळंबीचा बारीक तुकडा द्यावा, त्याहून जास्त नाही. या माशाचं आतडं लांब, वनस्पतीसाठी बनलेलं असतं. रोज मांसाहार दिला तर पोट फुगतं आणि मासा त्यातून क्वचितच उठतो.

६. घरातल्या कोणत्या भाज्या द्यायच्या? कच्च्या की शिजवून?

- दुधी, दोडका, झुकिनी: साल काढून १ सेंमी जाड चकत्या, दोन-तीन मिनिटं उकळून. रोजच्यासाठी हेच सगळ्यात सोयीचं.
- काकडी: कच्चीच चालते, पण तिच्यात पाणीच जास्त. बिया काढा, नाहीतर त्या फिल्टरच्या जाळीत अडकतात.
- लाल भोपळा, रताळं: चार-पाच मिनिटं उकळून. पोषण चांगलं, पण लवकर कुस्करतं आणि पाणी गढूळ होतं.
- पालक: अर्धा मिनिट गरम पाण्यात, आठवड्यातून एकदा.
- मटार: उकळून, साल काढून.

उकळताना पाण्यात मीठ नको. स्वयंपाकातली उरलेली भाजी तर नकोच, तेल-हळद-मोहरी टँकमध्ये गेली की वर तवंग येतो. कडू निघालेली काकडी किंवा दुधी आपण टाकून देतो, तशीच ती माशालाही देऊ नका. बाजारातल्या भाजीवर फवारणी असते, म्हणून साल काढणं हा नियमच समजा.

चकती तरंगते, स्टीलचा काटा टोचून सोडली की तळाला बसते. रात्री घातलेली भाजी सकाळी काढा. उन्हाळ्यात २९-३० अंशांना विसरलेली दुधीची चकती दुपारपर्यंत बुळबुळीत होते आणि अमोनिया वाढवते.

वेफर महाग पडत असतील तर घरी जेल करता येते. उकडून सोललेले मटार १०० ग्रॅम, पालक १०० ग्रॅम, सोललेली कोळंबी ५० ग्रॅम आणि चमचाभर स्पायरुलिना पावडर मिक्सरला बारीक करा. २०० मिली पाण्यात ५ ग्रॅम चायना ग्रास पूर्ण विरघळेपर्यंत उकळा, त्यात हे मिश्रण ढवळा, ताटात अर्धा सेंमी जाड थर ओता. थंड झाल्यावर वड्या पाडून फ्रीजरमध्ये ठेवा, दोन महिने टिकतात. जिलेटिन वापरू नका; आपल्याकडच्या उन्हाळ्यात ते टँकमध्येच सैल पडतं.

७. लाकूड ठेवणं सक्तीचं आहे का?

सक्ती नाही, पण ठेवा. पनाक जातीच्या प्लेकोसारखा ब्रिस्टलनोज लाकडावर पोट भरत नाही. तो त्यावरचा जैविक थर खरवडतो आणि थोडा तंतू पोटात जातो. ड्रिफ्टवुड नवं असेल तर आधी दोन आठवडे भिजवून पाणी बदलत राहा. सुताराकडचे तुकडे, पॉलिश केलेलं किंवा प्लायवुड चालत नाही.

८. गुहा विकत घेऊ की घरी बनवू?

घरी केलेली तितकीच चालते. माप मात्र नेमकं हवं. नर आत शिरल्यावर त्याचे गाल दोन्ही बाजूंना जवळजवळ टेकले पाहिजेत. गुहा ऐसपैस असली की मादी नराला चुकवून निघून जाते, आणि अंड्यांना वारा घालताना पाण्याचा प्रवाह नीट लागत नाही.

१० सेंमीच्या नरासाठी ५० मिमीचा पीव्हीसी पाइप, १५ सेंमी लांब कापून घ्या. आतून जाड पॉलिश पेपरने खरखरीत करा. एका टोकाला एंड कॅप नुसती दाबून बसवा, सोल्युशन लावू नका. दोन दगडांच्या मध्ये अशी अडकवा की ती लोळणार नाही, आणि बंद टोक किंचित खाली राहील; मग अंडी बाहेर घरंगळत नाहीत. कुंभाराकडून बिनरंगी, भाजलेली नळी मिळाली तर उत्तमच. नारळाची करवंटी लपायला बरी, पण तिच्यात अंडी घालतीलच असं नाही.

जितके नर, त्याहून एक गुहा जास्त ठेवा. गुहा फिल्टरच्या झोताजवळ असावी, पण झोत थेट तोंडात नको.

९. जोडी आहे, गुहा आहे, तरी सहा महिने अंडी नाहीत. काय चुकतंय?

आधी वय बघा. १० महिन्यांच्या आतल्या माशांकडून अपेक्षा धरू नका. मग खरंच जोडी आहे का हे बघा; फुटवे नसलेला मासा कधी कधी वयात न आलेला नर निघतो (प्रश्न २). मग गुहेचं माप (प्रश्न ८).

हे सगळं बरोबर असेल तर पाऊस पाडावा लागतो. मूळ दक्षिण अमेरिकेत नद्यांना नवं, गार पाणी आलं की हे मासे विणीला लागतात. दोन आठवडे पाणी थोडं कमी बदला, खाणं वाढवा. मग एका संध्याकाळी ४० ते ५० टक्के पाणी बदला. नवं पाणी टँकपेक्षा २-३ अंशांनी गार असू द्या, आणि ते सावकाश, अर्ध्या तासात घाला. दोन-तीन दिवसांनी पुन्हा करा. बाहेर खरा पाऊस लागलेला असेल तर यश लवकर मिळतं, म्हणून जून-जुलैमध्ये अनेकांकडे न सांगताच अंडी येतात. उलट, मे महिन्यात टँक ३१ अंशांवर असताना प्रयत्न करण्यात अर्थ नाही. त्या पाण्यात प्राणवायूच कमी असतो.

गुहेवर सतत उजेड पडत असेल, किंवा रोज कोणी टॉर्च मारून बघत असेल, तरी नर बसत नाही.

१०. नर दोन दिवसांपासून मादीला गुहेतून बाहेरच येऊ देत नाही. सोडवू का?

नको. नर तोंडाशी आडवा बसून मादीला आत अडवतो, हे विणीचं नेहमीचं वागणं आहे. कधी हे दोन-तीन दिवसही चालतं. अंडी घातल्यावर मादी निघून जाते किंवा तो तिला हुसकावतो. मादी दमून बाहेर आली आणि अंगावर ओरखडे दिसले तर तिला काही दिवस वेगळं ठेवा.

त्यानंतर सगळं नर बघतो. अंडी नारिंगी-पिवळी, सुमारे ३ मिमीची, द्राक्षांच्या घडासारखी एकमेकांना चिकटलेली, साधारण ३० ते १५०. नर परांनी पाणी हलवतो, तोंडाने अंडी साफ करतो आणि या काळात फारसं खात नाही. त्याची काळजी करू नका. २६-२७ अंशांना चार ते सहा दिवसांत अंडी फुटतात, पाणी गार असेल तर उशिरा. पुढचे पाच ते सात दिवस पिल्लं पोटाखालच्या नारिंगी पिशवीवर जगतात. या सगळ्या दिवसांत मोठा पाणीबदल, सजावट हलवणं, नवा मासा सोडणं टाळा. फिल्टरच्या नळीला स्पंज मात्र आत्ताच बसवा. पिल्लं बाहेर आल्यावर उशीर होतो.

११. नराने अंडी बाहेर फेकली. वाचवता येतील का?

बहुतेक वेळा येतात. पहिल्यांदा विणणारा नर असं करतोच, दुसऱ्या-तिसऱ्या वेळी सुधारतो. अंडी फळलेली नसणं, गुहा मोठी असणं किंवा माणसांची ये-जा ही बाकी कारणं.

घड गुहेत परत ढकलू नका, नर पुन्हा फेकतो. टँकच्या आत टांगायची ब्रीडर पेटी घ्या, त्यात घड ठेवा आणि जवळ एअर स्टोन असा सोडा की अंडी हलकेच थरथरतील, गरागरा फिरणार नाहीत. बुरशीसाठी मिथिलिन ब्ल्यू वापरायचं तर अंडी टँकच्याच पाण्याने भरलेल्या वेगळ्या डब्यात घ्या. पाणी फिकट निळं होईल इतकेच थेंब टाका आणि रोज निम्मं पाणी बदला. मुख्य टँकमध्ये ते गेलं तर फिल्टरमधले उपयोगी जिवाणू मरतात. पांढरी पडलेली अंडी रोज चिमट्याने काढा. एक पांढरं अंडं दोन दिवस राहिलं की शेजारच्या दहांना बुरशी लागते.

पिशवीसकट पिल्लं बाहेर पडली असतील तर काम सोपं आहे. त्यांना नराची गरज नसते, वाहतं स्वच्छ पाणी पुरे.

१२. पिल्लं गुहेबाहेर आली. आता काय खायला घालू आणि किती?

पोटाखालची नारिंगी पिशवी दिसेनाशी झाली, त्या दिवसापासून खाणं सुरू. त्याआधी टाकलेलं नुसतं कुजतं. पिल्लांना वेळा ठरवून चालत नाही, समोर काहीतरी सतत हवं. ४० लिटरमध्ये ५० पिल्लं असतील तर दुधीची एक चकती कायम, ती दर बारा तासांनी बदलायची, आणि सकाळ-संध्याकाळ पाव वेफर चुरून. वरच्या जेलची वडी (प्रश्न ६) आठवड्यात दोनदा. ब्लडवर्म पहिले दीड-दोन महिने नकोत.

देशी बदामाची वाळून गळालेली पानं या वयात फार उपयोगी पडतात. रस्त्याच्या धुळीतली नको, सोसायटीच्या आवारातलं पान धुऊन दोन दिवस भिजवा. ४० लिटरला एक. आठवड्याभरात पानावर थर धरतो आणि पिल्लं त्याची नुसती जाळी करून ठेवतात.

१३. पिल्लं दोन आठवडे छान होती, तिसऱ्या आठवड्यात रोज चार-पाच मरतायत. का?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच. कारणं बहुधा दोनच, उपासमार आणि घाण पाणी, आणि ती एकमेकांशी बांधलेली असतात: उपासमार नको म्हणून जास्त टाकावं, तर पाणी बिघडतं.

काचेला चिकटलेल्या पिल्लाचं पोट समोरून दिसतं, याचा फायदा घ्या. भिंगातून बघा. भरलेलं पोट गोल आणि आतून हिरवट किंवा तपकिरी दिसतं. उपाशी पिल्लाचं पोट पारदर्शक आणि आत गेलेलं असतं, डोकं अंगापेक्षा मोठं वाटतं. मेलेल्यांची पोटं रिकामी असतील तर खाणं सगळ्यांपर्यंत पोचत नाही. एक चकती एका कोपऱ्यात न ठेवता तीन लहान तुकडे तीन ठिकाणी ठेवा. पोटं भरलेली असूनही मरत असतील तर पाणी तपासा. अमोनिया आणि नायट्राइट शून्यच हवेत, नायट्रेट २० पीपीएमच्या आसपास. पोटं फुगून मरत असतील तर खाण्यात प्रथिनं जास्त झाली.

रोज २५-३० टक्के पाणी बदला, नव्या पाण्याचं तापमान एका अंशाच्या फरकात. पिल्लांच्या टँकमध्ये वाळू नको, उघडी काच साफ करायला सोपी. एअर पंपाच्या नळीने तळ ओढा आणि पाणी पांढऱ्या बादलीत घ्या, म्हणजे ओढली गेलेली पिल्लं ओतण्याआधी दिसतात. स्पंज फिल्टर नवाकोरा नको. तो आधीच चार-पाच आठवडे मुख्य टँकमध्ये चालवून मग इथे हलवा. हे एक केलं तरी निम्मी मरतूक थांबते.

आठ ते दहा आठवड्यांत पिल्लं अडीच सेंमीची होतात. काही मागे राहतात, ती वेगळी काढून वाढवा.

१४. लाइट चार-चार तास जातात. अंडी किंवा पिल्लं असताना काय करायचं?

बॅटरीवर चालणारा एअर पंप आणि स्पंज फिल्टर. वीज नसताना खाणं टाकू नका, असलेली भाजी काढून घ्या. कॅनिस्टर फिल्टर (टँकबाहेर ठेवायचा बंद डब्याचा) तीन-चार तास बंद राहिला तर सुरू करण्याआधी त्यातलं साचलेलं पाणी ओतून द्या. प्राणवायूविना ते पाणी कुबट झालेलं असतं आणि सुरू केल्याबरोबर थेट टँकमध्ये येतं. ब्रिस्टलनोज पृष्ठभागावर येऊन हवा गिळू शकतो. एखाद्या वेळी ठीक, पण मोठे मासे वारंवार वर झेपावत असतील तर प्राणवायू खरोखर कमी आहे.

१५. टँकमध्ये पांढरे ठिपके आले. औषध टाकू का?

तांबं असलेलं काहीही टाकू नका, गोगलगाय मारण्याचं औषधही. या माशांना ते सोसत नाही. मॅलाकाइट ग्रीनची औषधं निम्म्या मात्रेने सुरू करा, फिल्टरमधला कार्बन काढून ठेवा, हवा वाढवा आणि तापमान दिवसाला एका अंशाने २९ पर्यंत न्या. मूठभर खडेमीठ टाकण्याचा दुकानी सल्ला इथे मानू नका. अंडी किंवा बारकी पिल्लं असतील तर औषधाआधी ती वेगळ्या टँकमध्ये हलवा.

१६. मासा जाळीत अडकला, सुटत नाही. ओढू का?

ओढू नका, नराच्या गालावरचे काटे उलटे वळलेले असतात. जाळी पाण्यातच ठेवा, तो स्वतः सुटला नाही तर धागे कात्रीने कापा. पुढच्या वेळी जाळीऐवजी प्लास्टिकचा डबा वापरा, किंवा गुहेच्या तोंडावर तळहात धरून गुहेसकट उचला.

१७. शंभर पिल्लं झाली. काय करू?

अडीच-तीन सेंमीची पिल्लं जवळचा दुकानदार घेतो, पैशांऐवजी खाणं किंवा फिल्टरचा स्पंज देतो. आधी विचारून ठेवा. विहीर, तळं, नदी, ओढा यांत सोडू नका. साध्या सकरचं आपल्या नद्या-जलाशयांत काय झालं आहे ते मासेमारांना विचारा: जाळी फाटतात आणि बाजारात त्याला भाव नाही. खपच नसेल तर नर-मादी वेगळे ठेवा किंवा गुहा काढून घ्या. एकाच विणीची भावंडं पुढे जोडी म्हणून एखाद्या पिढीपुरती चालतील, पण दर पिढीला तेच नको. एक मासा दुसरीकडून आणा.

१८. अल्बिनो मादी आणि तपकिरी नर. पिल्लं सगळी तपकिरी निघाली. फसवणूक झाली का?

नाही. अल्बिनो रंग अप्रभावी आहे. तो दिसायला आई आणि बाप दोघांकडून यावा लागतो. तुमची सगळी पिल्लं तपकिरी असली तरी प्रत्येकात अल्बिनोचं जनुक आहे. त्यातल्या दोघांची जोडी लावली तर साधारण चौथा हिस्सा अल्बिनो निघेल, आणि एकाची अल्बिनोशी लावली तर निम्मी. दोन अल्बिनोंची पिल्लं सगळी अल्बिनो. लांब परांचा प्रकार उलटा, प्रभावी आहे: एका पालकाचे पर लांब असले तरी निदान निम्म्या पिल्लांत ते उतरतात. ते उशिरा कळतं, साधारण २ सेंमीनंतर, म्हणून त्याआधी लांब परांच्या भावात पिल्लं घेऊ नका.